लाल दिव्याची लुकलुक

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. साताऱ्यातल्या आमच्या इमारतीत सगळ्यांचे मीटर जिन्याखाली एका ओळीत आहेत. तिथे मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभी होते. वर घरात दिवे, पंखे, टीव्ही सगळं बंद होतं. फ्रिजचं बटणही दहा मिनिटांपुरतं बंद केलं होतं. माझ्या अंदाजाने आता आमच्या मीटरवरचा लाल दिवा शांत बसायला हवा होता. तो लुकलुकला. मग बराच वेळ अंधार. मग पुन्हा लुकलुकला. मध्ये २८ सेकंद गेले.

या दिव्याकडे आपण रोज येता-जाता पाहतो, पण तो काही सांगतोय हे लक्षात येत नाही. मीटरच्या पाटीवर बारीक अक्षरांत एक आकडा असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं, असा त्याचा अर्थ. युनिट म्हणजे एक किलोवॉट-अवर, हजार वॉटचं उपकरण तासभर चालल्यावर होणारा खर्च. ज्यूलमध्ये मोजलं तर ३६ लाख ज्यूल. त्याला ३२०० ने भागलं की ११२५ उरतात, म्हणजे दिव्याच्या प्रत्येक लुकलुकीमागे घरात ११२५ ज्यूल ऊर्जा गेलेली असते. सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॉट. तेव्हा ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागायचं, की त्या क्षणी घर किती वॉट घेतंय ते कळतं. ११२५ भागिले २८, म्हणजे ४०.

सगळं बंद असलेलं घर ४० वॉट खात होतं. दिवसाला जवळजवळ एक युनिट, महिन्याला २९.

लेक वर होती. फोनवर बोलत आम्ही एकेक पिन काढत गेलो. आधी सेट-टॉप बॉक्स. अंतर २८ वरून ४० सेकंदांवर गेलं, म्हणजे ४० वॉटचे २८ झाले. ज्याचा टीव्ही आम्ही संध्याकाळीच रिमोटने बंद केला होता, तो बॉक्स एकटा १२ वॉट घेत होता. मग इन्व्हर्टर. त्याची बॅटरी भरलेली होती, तरी ती भरलेली ठेवण्यासाठी आणि स्वतः जागं राहण्यासाठी त्याला १५ वॉट लागत होते. वायफायचा राउटर ८. उरलेले पाच वॉट पाणी शुद्ध करणारं यंत्र, मायक्रोवेव्हचं घड्याळ आणि टीव्हीचा स्वतःचा लाल ठिपका यांच्यात वाटले गेले.

सेट-टॉप बॉक्सचं प्रकरण मला सगळ्यात बोचलं. रिमोटचं बटण दाबलं की टीव्हीवरचं चित्र जातं, पण बॉक्सच्या आतलं बरंचसं यंत्र चालूच राहतं. आमचा टीव्ही ७० वॉटचा आणि तो रोज तीन तास चालतो, म्हणजे ०.२१ युनिट. बॉक्स १२ वॉटचा, पण चोवीस तास: ०.२९ युनिट. बघण्यापेक्षा न बघण्याचा खर्च जास्त! आणि हे आम्ही कित्येक वर्षं करत आलो होतो.

ही गोष्ट एरवी ध्यानात येत नाही, कारण वॉट आणि युनिट यांची आपण मनात सरमिसळ करतो. वॉट हा वेग आहे, युनिट हे अंतर. नळाची धार किती जाड आहे ते वॉट सांगतात आणि बादली किती भरली ते युनिट. मिक्सरची धार ७५० वॉटची, जाड आणि कर्कश्श. आई आली की चटणी वाटताना हमखास म्हणते, “पुरे गं, बिल वाढेल.” पण मिक्सर दिवसातून सगळा मिळून दहा मिनिटं चालला तर महिन्याला चार युनिटंसुद्धा होत नाहीत. कोपऱ्यात गुपचूप बसलेलं १० वॉटचं कुठलंही यंत्र महिनाभर चालू राहिलं, तर ७.२ युनिटं घेतं. आवाज करणाऱ्या यंत्रावर आपण लक्ष ठेवतो, आणि बिल वाढतं ते गप्प बसणाऱ्यांमुळे.

विजेचं मोजमाप हा प्रश्न वीज घरात आली त्याच दिवशी उभा राहिला. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरच्या केंद्रातून वीज विकायला सुरुवात केली, तेव्हा गिऱ्हाइकाने किती वापरली हे कळायला त्याने जो मीटर केला होता तो म्हणजे चक्क एक बरणी होती. बरणीत झिंक सल्फेटचं पाणी आणि त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या. घरात जाणाऱ्या प्रवाहाचा अगदी छोटा भाग या बरणीतून वळवायचा. वीज वाहते तसं एका पट्टीवरचं जस्त सुटून दुसरीवर चढतं. महिन्याच्या शेवटी माणूस येई, पट्ट्या नेई आणि त्या तराजूत तोलून बिल काढी. थंडीत बरणीतलं पाणी गोठू नये म्हणून मीटरमध्येच एक दिवा ठेवलेला असे. त्या बरणीकडे पाहून गिऱ्हाइकाला काही म्हणता काही कळत नसे. विकणाऱ्याने सांगितलेला आकडा मानायचा. आपल्या मीटरवर आकडे दिसतात, दिवा लुकलुकतो, ही केवढी मोठी सोय आहे हे मला ती बरणी समजल्यावर उमगलं.

बरणीत आणखी एक उणीव होती, आणि ती समजून घेणं आजही कामाचं आहे. ती फक्त प्रवाह मोजायची, म्हणजे किती अँपिअर गेले ते. एडिसनची वीज एकाच दिशेने वाहणारी होती आणि दाब, म्हणजे व्होल्ट, साधारण ठरलेला, त्यामुळे तेवढ्याने भागायचं. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे होते. इथे नुसते अँपिअर मोजून चालत नाही.

का, ते जात्यावरून सांगता येईल. दोघीजणी समोरासमोर बसून एकच जातं ओढतात तेव्हा दोघींचे हात एका लयीत चालले तरच पीठ पडतं. एकीचा जोर मागे पडला, दुसरी ओढत असताना ती ढकलायला लागली, तर दोघी घामाघूम होतात आणि पीठ मात्र थोडं. विजेत दाब आणि प्रवाह या त्या दोघी. इस्त्रीत, गीझरमध्ये, जुन्या पिवळ्या बल्बमध्ये त्या एका लयीत चालतात. मोटरीत आणि जुन्या ट्यूबच्या चोकमध्ये प्रवाह दाबाच्या मागे पडतो. जुन्या पद्धतीच्या, कंडेन्सर नसलेल्या ४० वॉटच्या ट्यूबमधून सुमारे ०.४ अँपिअर जातात. त्याला २३० व्होल्टने गुणलं तर ९२ येतात. पण चोकसकट ती ट्यूब खरोखर खाते ५० वॉटच्या आसपास. बाकीचा प्रवाह नुसता येतो आणि परत जातो.

म्हणून वायरमनच्या हातातला चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर पाहून ‘इतके अँपिअर गुणिले २३०’ असा हिशेब करू नये. गीझरला तो हिशेब लागू पडेल, पंपाला आणि चोकच्या ट्यूबला पडणार नाही. आणि हौसेने असा चिमटा विकत आणून अख्ख्या वायरीभोवती लावला, तर तो शून्य दाखवतो. जाणारी आणि येणारी तार एकाच वायरीत असतात, दोन्हींचं चुंबकत्व एकमेकांना खोडून काढतं. दोन्ही तारा सुट्या करून एकीभोवतीच चिमटा लावावा लागतो. ते काम जाणत्या वायरमनचंच. मोजायच्या नादात कुणी वायर सोलायला बसू नये.

दाब आणि प्रवाह यांचा क्षणाक्षणाला गुणाकार करायचा आणि त्या गुणाकारांची बेरीज करत राहायची, हे खरं मोजमाप. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातला अभियंता ओट्टो ब्लाथी याने १८८९ साली हा गुणाकार एका फिरत्या चकतीकडून करून घेतला. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने अशी चकती पाहिली आहे: काचेमागे आडवी, ॲल्युमिनियमची, कडेला एक रंगीत खूण. तिच्याजवळ दोन वेटोळी असतात. एकातून घराचा प्रवाह जातो, दुसऱ्यावर विजेचा दाब असतो. दोघांच्या चुंबकत्वामुळे चकतीत भोवरे उठतात आणि ती फिरते. दोन्ही एका लयीत असतील तर जोरात, लय चुकली तर हळू. एक कायमचा चुंबक तिला लगाम घालतो, म्हणून तिचा वेग बरोबर वॉटच्या प्रमाणात राहतो. ‘मीटर पळतंय’ हे आपण म्हणतो ते तिच्यामुळेच. लहानपणी पाहुणे आले की आम्ही भावंडं मीटरसमोर उभं राहून ती खूण किती वेळा समोर येते ते मोजायचो. तेव्हा तो खेळ होता. आताच्या मीटरमध्ये तोच गुणाकार एक चिप सेकंदाला हजारो वेळा करते, आणि ठराविक बेरीज झाली की लाल दिवा लुकलुकवते. चकतीच्या खुणेची जागा दिव्याने घेतली, एवढंच.

एकेका उपकरणाचा हिशेब हवा असेल तर बोर्डात खोचायचा छोटा मीटर मिळतो. तो बोर्डात, उपकरणाची पिन त्याच्यात. वॉट, व्होल्ट, अँपिअर, युनिट सगळं दाखवतो. गीझर-एसीसाठी १६ अँपिअरचा, जाड पिनांचा घ्यावा. स्वस्त मीटर दोन-तीन वॉटच्या खाली नीट मोजत नाहीत. मी एक मोकळा चार्जर लावून पाहिला तर शून्य दिसलं. मग एका एक्स्टेन्शन बोर्डावर घरातले सगळे सहा चार्जर खोचले. सहा मिळून एक वॉट. मोबाइल चार्जरची पिन रोज काढून ठेवावी की नाही यावर घरात जे वाद होतात, त्यांचं उत्तर त्या एका वॉटमध्ये आहे. खुद्द मोबाइलही फार खात नाही: ५००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरायला साधारण २५ वॉट-अवर लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये फोन चाळीस वेळा भरतो.

फ्रिज मात्र क्षणभर पाहून मोजता येत नाही. कॉम्प्रेसर चालू असताना आमचा मीटर १३० वॉट दाखवायचा. अर्ध्या तासाने पाहिलं तर दोन वॉट. दोन्ही खरे आणि दोन्ही निरुपयोगी. त्यात बिनबर्फाचा फ्रिज असेल तर अधूनमधून आतला हीटर लागून साठलेलं हिव वितळवतो, तेव्हा आकडा आणखी वेगळा. फ्रिजला किमान चोवीस तास द्यावे लागतात, आठवडा दिला तर उत्तम, आणि मे महिन्यातलं उत्तर जानेवारीला लागू नाही. खोचायचा मीटर नसेल तरी एक सोपी युक्ती आहे. गणपतीला सगळे गावाला निघालो, तेव्हा फ्रिज सोडून बाकी सगळं बोर्डावरून बंद केलं, राउटर आणि इन्व्हर्टरसकट. निघताना रीडिंग कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं, दुधाच्या हिशेबाशेजारी. सहा दिवसांनी परत आल्यावर पुन्हा लिहिलं. फरक ५.१ युनिट, दिवसाला ०.८५. दार एकदाही उघडलं नाही तेव्हाचा हा आकडा. माणसं घरात असताना तो वाढणारच. आमच्या जुन्या फ्रिजबद्दलचं कित्येक वर्षांचं ‘फार खातो’ आणि ‘कुठे काय खातो’ त्या दिवशी थांबलं. खातो, वर्षाला ३१० युनिटांच्या वर.

नवा घ्यायचा तर दुकानात तारांकित लेबल असतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ साली ती सुरू केली. फ्रिज, एसी यांना ती पुढे बंधनकारक झाली आणि २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही. गिऱ्हाईक तारे मोजतं. मी म्हणेन, ताऱ्यांखालचा वर्षाचा युनिटांचा आकडा वाचा, कारण तारे एकाच वर्गातल्या यंत्रांची तुलना करतात आणि त्यांचे निकष काही वर्षांनी कडक होत जातात. मोठ्या फ्रिजचे पाच तारे छोट्या फ्रिजच्या तीन ताऱ्यांपेक्षा जास्त वीज खाऊ शकतात. एसीच्या लेबलवरचा आकडा वर्षाला १६०० तास चालेल असं धरून काढलेला असतो. साताऱ्यासारख्या गावात एसी एप्रिल-मेमध्ये रात्री पाच-सहा तास लागला, तर साडेतीनशे तासांच्या आसपास. तिथे लेबलचा आकडा तसाच्या तसा धरला तर घाबरून जायला होतं.

पंख्याने मला चकित केलं. जुना छताचा पंखा ७५ वॉटचा, काहीच वाटत नाही. पण तो दिवसाचे सोळा तास फिरतो: महिन्याला ३६ युनिटं. आणि असे तीन पंखे. नव्या बीएलडीसी मोटरीचा पंखा त्याच वेगाला ३० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे १४ युनिटं. जुना डबा-रेग्युलेटर असेल तर पंखा हळू करून फारसं साधत नाही. वेग कमी होतो तो वीज त्या डब्यात तापून जाते म्हणून. हात लावून पाहा, डबा गरम लागेल. एकाच पंख्यातली बावीस युनिटांची तफावत पाहिल्यावर आम्ही बैठकीतला पंखा बदलला. बाकीचे दोन एकेक करून बदलू.

आणि गीझर. इथे मोजायला मीटरही लागत नाही, शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जवळजवळ ४.२ किलोज्यूल लागतात, कंपनी कुठलीही असो, तारे कितीही असोत. हिवाळ्यात १५ लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ वर न्यायची तर ०.३५ युनिट. चार माणसांच्या चार बादल्या, महिन्याला ४२ युनिटं, आणि टाकीतून निसटणारी उष्णता वेगळी. उलट्या बाजूने पाहिलं तर एका युनिटमध्ये ४३ लिटर पाणी वीस अंशांनी तापतं, तीन बादल्यांना थोडं कमी. तेच एक युनिट नुसतं उचलायच्या कामी लावलं, तर एक टन पाणी ३६७ मीटर वर चढेल, कुतुबमिनाराच्या पाचपट उंच. आपले छोटे पंप यातलं दोन-तृतीयांश तरी वाया घालवतात, तरीही गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरायला एका युनिटचा दहावा भाग पुरतो. पंप सुरू झाला की आपल्याला वाटतं वीज चालली. ती खरी जाते पाणी तापवण्यात, आणि तेव्हा आवाजही होत नाही.

याच हिशेबाने एक समज पुसला गेला. खेड्यात संध्याकाळी दाब पडतो, दिवे मंदावतात, तेव्हा ‘गीझर कमी वीज खातो’ असं माझे मामा म्हणायचे. दाब २३० वरून २०० व्होल्टवर आला तर दोन हजार वॉटचा गीझर खरंच दीड हजारांवर येतो. पण पाण्याला लागणारे ज्यूल तेवढेच आहेत. धार बारीक झाली, बादली तेवढीच राहिली, म्हणून वेळ जास्त लागतो. मामांना मी हे त्यांच्याच न्हाणीघरात घड्याळ लावून दाखवलं.

बिलाबद्दल एवढंच सांगते. महाराष्ट्रात घरगुती वीजदराच्या पायऱ्या १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. शंभर ओलांडले की सगळीच युनिटं महाग होतात असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, पहिली शंभर पहिल्याच दराने लागतात, फक्त पुढची चढ्या दराने. त्यामुळे वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या पायरीवरचं असतं, आपल्या बिलातलं सर्वांत महागडं. दिवसाला एक युनिट खाणारं झोपलेलं घर याच कारणाने महत्त्वाचं ठरतं.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्याच वेळी जिन्याखाली गेले. सेट-टॉप बॉक्स, टीव्ही आणि मायक्रोवेव्ह आता एका बोर्डावर आहेत. झोपताना एकच खटका पाडतो. राउटर, इन्व्हर्टर आणि पाण्याचं यंत्र चालू ठेवलंय. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते, इन्व्हर्टर काढून चालणार नाही. फ्रिज पुन्हा दहा मिनिटं बंद. दिवा लुकलुकला. मी मोजत राहिले. ४५ सेकंद, म्हणजे २५ वॉट.

तेवढ्यात तळमजल्यावरचे काका दार उघडून बाहेर आले, मला अंधारात पाहून दचकले. काय करतेय ते सांगितल्यावर चष्मा घेऊन आले आणि आपल्या मीटरसमोर वाकले.

“अगं, माझा तर बघ, दर नऊ सेकंदांनी लुकलुकतोय. घरात सगळे झोपलेत.”

“काका, तुमच्या मीटरवर आकडा कोणता आहे? बारीक लिहिलेला असेल.”

“सोळाशे.”

“मग तुम्हाला ११२५ नाही चालणार. २२५० ला नऊने भागा.”

काकांनी बोटांवर हिशेब केला. अडीचशे वॉट. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग मीटरच्या दिव्याकडे हात करत म्हणाले, “तू इथेच थांब आणि मोजत राहा. मी आत जाऊन फ्रिजपासून सुरुवात करतो.”